टी-55 चं इंटिरियरवालं किट करताना

भिया, 1:35 मापाचं मिनीआर्ट कंपनीचं टी-55 रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल किट, तेही इंटिरियरवालं, म्हणजे आतलं इंजिन वगैरे पण असलेलं, घेतलंच असेल तर पहिले दोन दिवस गोंदाला हात लावू नका. हजाराच्या वर पार्ट आहेत त्यात. जोडणीच्या शीटवरच्या नंबरानं एकेक चिकटवत गेलं की इंजिन बसल्यावर कळतं, मागच्या भिंतीपर्यंत आता ब्रश जाणारच नाही. म्हणून शीट घ्या, पेन्सिल घ्या, आणि कुठे आधी रंग, कुठे आधी गोंद एवढ्याच खुणा करत बसा. मी हे करत बसलो होतो तर आई म्हणाली, कसली परीक्षा आहे रे तुझी?

स्प्रू, म्हणजे पार्ट ज्यात अडकून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पार्ट कापायला नेलकटर नको. साइड कटरनं आधी जरा लांबून, मग जवळून, उरलेलं ब्लेडनं आणि 600 च्या पॉलिश पेपरनं.

हलच्या, म्हणजे टँकच्या खालच्या धडाच्या, भिंती सुट्या येतात. काचेवर ठेवून रबर बँड लावा आणि चारी कोपरे टेकतायत ना बघा, इथे केसभर चुकलं की शेवटी एक चाक हवेत.

पितळी पत्र्याच्या बारक्या पार्टांना सगळे घाबरतात, पण आपण इंदूरवाले, रात्री सराफ्यात खायला जातोच ना, एकदा दिवसा जा. त्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात, टोकदार चिमटा, बारीक कानस, चपट्या तोंडाची पक्कड, बस्स. आणि युक्तीपण सोनाराचीच: पत्रा चिमट्यात धरून क्षणभर गॅसच्या ज्योतीवर धरायचा, रंग बदलला की लगेच बाहेर, गार झाला की कागदासारखा वळतो. चिकटवायला फेविक्विक, पण सुईच्या टोकानं.

आता ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारा पट्टा. खरी मारामारी इथेच. एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या, प्रत्येक वेगळी. लोखंडी पट्टीच्या कडेला सरळ लावून पातळ लिक्विड सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) फिरवा आणि साधारण अर्धा तास थांबा. बोटाला चिकटत नाही पण वाकतंय, अशी वेळ येते, तेव्हाच उचलून चाकांवर चढवायचं. मी पहिल्या वेळी जेवायला गेलो, मग मॅच बघत बसलो, सकाळी ट्रॅकची काठी झालेली, वाकवली तर तीन ठिकाणी मोडली. टी-55 ला वरचे छोटे रोलर नसतात, त्यामुळे ट्रॅक पाच चाकांवर लोळल्यासारखा दिसला पाहिजे. फेंडर, म्हणजे ट्रॅकवरचे मडगार्ड, लावायच्या आधी वरून कापसाचे बोळे दाबून रात्रभर ठेवा. मागचं दातेरी चाक मात्र चिकटवू नका, म्हणजे अख्खा ट्रॅक रंगवायला काढता येतो.

रंगाचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी एअरब्रश काढूच नका, रंग सुईवरच वाळतो. पावसाळ्यात उलटं, लॅकरवर पांढुरकी झाक येते. प्रेशर 15 ते 20 पीएसआय पुरतं.

आणि आपला 1971 चा टँक करत असाल तर तोफेच्या नळीच्या मधोमध एक जाड बाही हवी. पाकिस्तानकडे चिनी टाइप-59 होते, ते टी-55 च्या थोरल्या भावाची, टी-54 चीच नक्कल, लांबून जुळे भाऊ, म्हणून आपल्यांनी ओळखीसाठी हा खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (नळीतला धूर बाहेर काढणारा भाग) लावला होता, खरा तर तोंडाशी असतो. किटमध्ये ही बाही शोधत बसू नका. मास्किंग टेपची पट्टी नळीवर घट्ट गुंडाळा, जाडी जुन्या फोटोशी ताडून बघा, वरून पातळ फेविक्विक, वाळल्यावर पॉलिश पेपर, मग ऑलिव्ह ग्रीन. टेपची शेवटची कड खाली ठेवा, वर ठेवलीत तर रंगातून रेघ दिसते.