रूकी रिसीव्हरला पहिल्याच महिन्यात निकालात काढताय? या चुका टाळा

८ सप्टेंबर २०२४. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा सीझनमधला पहिला सामना, बफेलोत. ड्राफ्टमध्ये (कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) चौथ्या क्रमांकावर उचललेला रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षीचा, रिसीव्हर (पास पकडणारा) मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर पहिल्यांदाच मैदानात उतरला आणि त्याच्या नावावर जमा काय, तर एक कॅच, चार यार्ड (पास पकडून पुढे नेलेले अंतर). आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (अमेरिकन फुटबॉलचा ग्रुप, नावात ‘फुट’ असून हाताने खेळतात तो) रात्रीपर्यंत त्याचे तेरावे घालून झाले होते. पुढच्या रविवारी रॅम्सविरुद्ध त्याने पहिल्या क्वार्टरमध्येच चार कॅच, १३० यार्ड आणि दोन टचडाउन (समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन केलेली गुणांची कमाई) केले. लगेच ‘बापसे बेटा सवाई’! बाप म्हणजे हॉल ऑफ फेममधला थोरला मार्व्हिन हॅरिसन, त्यामुळे हे जरा जास्तच झाले. त्या सामन्याच्या उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये पोराच्या हाती एकही चेंडू आला नाही, हे मात्र कुणी पाहिले नाही. सीझनअखेर हिशेब ८८५ यार्ड आणि आठ टचडाउन असा लागला. चांगला, पण डोक्यावर घेऊन नाचावे असाही नाही. दोन्ही रविवारचे निकाल घाईचेच होते.

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाच वाद रंगतो, फक्त खेळाडूचे नाव बदलते. वाद घालायला ना नाही. तो कुठल्या मुद्द्यावर घालायचा, एवढेच इथे सांगायचे आहे.

फक्त यार्ड मोजणे

यार्ड हे साखळीचे शेवटचे टोक. आधी मैदानात स्नॅप, म्हणजे खेळायला डाव, मिळायला हवेत, मग त्या स्नॅपवर पास पकडायला धावायला मिळायला हवे, मग क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्याने) चेंडू त्याच्याकडे फेकायला हवा, मग झेल, आणि मग कुठे यार्ड. नळाला पाणी येत नाही म्हणून कुणी लगेच नळ बदलत नाही, आधी टाकीत डोकावतो. तसेच इथेही मागून पुढे बघत यायचे.

जस्टिन जेफरसनचे २०२० आठवा. मिनेसोटाने त्याला २२ व्या क्रमांकावर घेतले, पण पहिले दोन सामने त्याला सुरुवातीच्या अकरात घेतले नाही. दोन्ही मिळून ७० यार्ड. तिसऱ्या आठवड्यात टेनेसीविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला आणि १७५ यार्ड घेऊन गेला. सीझनअखेर १४०० यार्ड. मधल्या आठवडाभरात पोरगा काही नव्याने धावायला शिकला नव्हता. साखळी पहिल्याच कडीला अडली होती, आणि ती कडी प्रशिक्षकाच्या हातात होती.

डेट्रॉइट लायन्सच्या अमोन-रा सेंट ब्राउनची गोष्ट याहून लांबलेली. २०२१ च्या पहिल्या ११ सामन्यांत ३५२ यार्ड, टचडाउन शून्य. चौथ्या फेरीतला, क्रमांक ११२ चा खेळाडू, त्यामुळे कुणाला फारशी आशाही नव्हती. मग मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने टचडाउन पकडला आणि लायन्सना त्या सीझनमधला पहिला विजय मिळाला. संघात एरवी चेंडू मिळणाऱ्यांपैकी स्विफ्ट आधीच दुखापतीने बाहेर होता, पुढे हॉकेन्सनही बाहेर बसला, तसा चेंडू याच्याकडे वळला. शेवटच्या सहा सामन्यांत ५६० यार्ड आणि पाच टचडाउन! ही दुखापतींची कृपा आहे असे तेव्हा म्हणणारे पुष्कळ होते. पुढच्या वर्षी त्याने ११६१ यार्ड केले आणि ती चर्चा बंद पडली.

टीव्हीवर दिसले तेवढेच खरे मानणे

स्नॅप भरपूर आहेत पण चेंडू येत नाही, अशी अवस्था असेल तर खरा प्रश्न एकच: तो मोकळा होत नाही, की मोकळा असून त्याच्याकडे कुणी बघत नाही? आणि नेमके हेच टीव्ही दाखवत नाही. कॅमेरा चेंडूमागे असतो, रिसीव्हर दहा-बारा यार्ड पुढे गेला की चौकटीबाहेर. नॉन-स्ट्रायकरला उभ्या असलेल्या फलंदाजाचे तंत्र तपासण्यासारखे आहे हे. सगळे २२ खेळाडू दिसणारे ‘ऑल-२२’ चित्रीकरण मिळाले तर जरूर बघा. निदान रीप्लेमध्ये मागून घेतलेला कोन लागला की चेंडू सोडून आपल्या पोराकडे बघा. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) त्याच्या अंगाला चिकटलेला आहे की दोन पावले मागे पडलाय, एवढे कळले तरी ग्रुपवरच्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळले.

इथे कॉलेज आणि एनएफएल यांतला फरकही ध्यानात घ्या. कॉलेजमध्ये समोरचा बहुतेकदा अंतर राखून उभा असतो. इथे तो छातीला छाती लावून उभा राहतो आणि पहिल्या पाच यार्डांत धक्के मारायची त्याला मुभा असते. रेषेवर उभा राहणारा, म्हणजे ‘एक्स’ जागेवरचा रिसीव्हर हा मार रोज खातो. आतल्या बाजूला ‘स्लॉट’मध्ये उभा राहणारा बराचसा वाचतो. त्यामुळे एक्स आणि स्लॉट यांचे पहिल्या महिन्याचे आकडे शेजारी ठेवून भांडणे हा निव्वळ टाइमपास. शिवाय काही रूटमध्ये (रिसीव्हरच्या धावण्याच्या मार्गांत) समोरचा बचाव बघून कुठे वळायचे ते धावताधावता ठरवायचे असते. क्वार्टरबॅकने एक वाचले आणि रूकीने दुसरे, की चेंडू थेट समोरच्याच्या हातात. शिव्या क्वार्टरबॅकला पडतात. पुढच्या वेळी तो या पोराकडे फेकत नाही, आणि आपण विचारतो, ‘याला टार्गेट का देत नाहीत?’

सगळे ड्रॉप एकाच तराजूत तोलणे

२०२१ च्या सराव सामन्यांत सिनसिनाटीच्या जमार चेसकडे पाच चेंडू फेकले गेले, चार सुटले. वर त्याने सांगितले की कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, इथल्यावर नसतात, त्यामुळे चेंडू टिपायला त्रास होतो. काय हसले लोक! पण कोविडमुळे तो आदले अख्खे वर्ष खेळलाच नव्हता, ही बाजू कुणी धरली नाही. पहिल्याच खऱ्या सामन्यात १०१ यार्ड, वर्षभरात १४५५ यार्ड आणि १३ टचडाउन. जेरी राइसच्या हातूनही १९८५ मध्ये सुरुवातीला इतके चेंडू सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती.

म्हणून ड्रॉप माफ करायचे का? अजिबात नाही. लॉस एंजेलिस चार्जर्सचा क्वेंटिन जॉन्स्टन कॉलेजातही चेंडू तळव्यांऐवजी छातीवर झेलायचा, तेव्हाच जाणकारांनी तिथे बोट ठेवले होते. तोच दोष २०२३ मध्ये एनएफएलमध्ये दिसला. चेस आणि राइसचा गंज होता, सराव मिळाला की उतरला. जॉन्स्टनचे दुखणे जुने. सुटलेल्या चेंडूंची संख्या मोजू नका, कॉलेजच्या दिवसांतली चित्रफीत काढून तुलना करा.

ड्राफ्टमधल्या शेजाऱ्याशी लगेच तुलना

त्याच २०२३ मध्ये २० ते २३ या क्रमांकांवर ओळीने चार रिसीव्हर गेले: जॅक्सन स्मिथ-इंजिग्बा, जॉन्स्टन, झे फ्लॉवर्स, जॉर्डन अ‍ॅडिसन. पहिल्या वर्षीचे यार्ड अनुक्रमे ६२८, ४३१, ८५८, ९११. सिअ‍ॅटलच्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला, कारण पहिली निवड त्यांची आणि आकडे तळाकडचे. पण स्मिथ-इंजिग्बाचे मनगट ऑगस्टमध्ये मोडून शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढे रांगेत मेटकाफ आणि लॉकेट हे मुरलेले रिसीव्हर उभे होते. दुसऱ्या वर्षी तो ११३० यार्ड करून चौघांत पहिला आला.

दावांते अ‍ॅडम्सची ढाल

ही चूक वरच्या सगळ्यांच्या उलट टोकाची, आणि मला विचाराल तर जास्त चीड आणणारी. रूकी कितीही रडतखडत खेळो, कुणीतरी येऊन म्हणणारच, ‘अ‍ॅडम्स आठव.’ बरोबर आहे. ग्रीन बेमध्ये अ‍ॅडम्सने पहिल्या वर्षी ४४६, दुसऱ्या वर्षी ४८३ यार्ड केले आणि तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड, १२ टचडाउन. पण २०१६ चा लाक्वॉन ट्रेडवेल का नाही आठवत? पहिल्या फेरीतला खेळाडू, पहिल्या वर्षी एक कॅच आणि १५ यार्ड, पुढे कधी वर आलाच नाही. किंवा न्यू इंग्लंडचा एन’कील हॅरी, २०१९ मध्ये डीबो सॅम्युएल, ए. जे. ब्राउन आणि मेटकाफ या तिघांच्या आधी निवडलेला? अ‍ॅडम्स लक्षात राहतो तो वर आला म्हणून. बुडालेल्यांची नावे कोण पाठ करतो?

फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक संघांच्या खेळात) त्याला घेतला असेल तर तुमचे मत बाजूला ठेवा. बुडालेल्या पैशांच्या रागातून आलेले मत ते, त्याला काय किंमत द्यायची?

माझ्यापुरती मी एक खूण ठरवली आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार संधींपैकी तिसरी) असेल, सात-आठ यार्ड हवे असतील, अशा वेळी रूकी मैदानात आहे का? असेल तर यार्ड कितीही कमी असोत, मी थांबतो. बाजूला हेल्मेट काढून पाणी पीत उभा असेल, तर ग्रुपवर मीही बोलायला लागतो.