विंडोज ७ मधली अनोळखी लॉग फोल्डरं: काय उडवायचं, काय ठेवायचं

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली म्हणून आत डोकावलं की परफलॉग्ज, पँथर, सीबीएस, डब्ल्यूईआर अशी अनोळखी फोल्डरं सापडतात. ही विंडोजचीच आहेत, व्हायरस नव्हेत. तरीही सरसकट उडवू नका. आधी फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबवर लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगा. मग प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा आणि आतल्या फाइल्सच्या तारखा तपासा. जे मोठं आहे आणि रोज वाढतंय, तेवढ्याचाच विचार करायचा.

परफलॉग्ज बहुधा रिकामंच असतं. पँथरमध्ये विंडोज इन्स्टॉल झाल्याच्या वेळच्या नोंदी असतात. दोन्हींतून फारशी जागा मिळत नाही, सोडून द्या.

खरा खादाड म्हणजे विंडोज फोल्डरमधल्या लॉग्जच्या आतलं सीबीएस. अपडेट बसवणारी विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सर्व्हिस इथे नोंदी लिहिते. लॉग साधारण ५० एमबीच्या पुढे गेला की तो सीबीएसपर्सिस्ट या नावाने, पुढे तारीख-वेळ लावून, बाजूला ठेवला जातो आणि मेककॅब हा विंडोजचाच प्रोग्रॅम त्याची दाबून लहान केलेली कॅब फाइल करतो. पण लॉग २ जीबीच्या वर गेला असेल तर मेककॅबला तो झेपत नाही. अर्धवट कॅब विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहते, थोड्या वेळाने तोच खटाटोप पुन्हा होतो, आणखी एक अर्धवट फाइल पडते. टेम्पमध्ये ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या, प्रत्येकी सुमारे १०० एमबीच्या फाइल्सची रांग दिसली की समजा हाच प्रकार आहे. नुसत्या त्या फाइल्स उडवून उपयोग नाही, मूळ लॉग तिथेच असतो आणि ड्राइव्ह पुन्हा भरतो.

अपडेट चालू नसताना स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा आणि विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर थांबवा. ती चालू राहिली तर फाइल वापरात असल्याचं सांगून विंडोज डिलीट करू देत नाही. आता सीबीएस फोल्डर आकारानुसार लावा, भलामोठा लॉग आणि टेम्पमधल्या त्या कॅब फाइल्स शिफ्ट धरून डिलीट करा. साधं डिलीट केलं तर माल रीसायकल बिनमध्ये जातो आणि जागा तेवढीच राहते. मग मशीन रीस्टार्ट करा. गरज पडली की सर्व्हिस आपली आपण सुरू होते, नवा लॉगही तयार होतो.

डब्ल्यूईआर हे प्रोग्रॅमडेटाच्या आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं उतरत गेल्यावर मिळतं. बंद पडलेल्या प्रोग्रॅमचे अहवाल इथे साठतात. प्रोग्रॅमचं नाव फोल्डरच्या नावातच असतं, त्यामुळे एकच नाव वीस वेळा दिसलं की गुन्हेगार सापडला. हे अहवाल डिस्क क्लीनअपमधून काढता येतात, फक्त ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबायला विसरू नका. विंडोजमधल्या मिनीडंप फोल्डरमध्ये, मशीन कोसळून निळी स्क्रीन आली त्या वेळच्या नोंदी असतात. त्या छोट्या असतात, मशीन दुरुस्त होईपर्यंत राहू द्या.

डी ड्राइव्हवर अक्षर-आकड्यांची खिचडी असलेलं फोल्डर आणि त्यात एमआरटीस्टब ही फाइल दिसली, तर ते अपडेटचं उरलंसुरलं सामान. रीस्टार्टनंतरही तिथेच असेल तर उडवा.

विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या घटकांचा साठा) आणि इन्स्टॉलर यांना मात्र हात लावू नका. ती लॉग फोल्डरं नाहीतच. इन्स्टॉलर रिकामं केलं की ऑफिससारखे प्रोग्रॅम ना नीट अपडेट होतात, ना अनइन्स्टॉल.

राहिलं सिस्टिम ३२ मधलं विनईव्हीटी, त्यात मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी असतात. नोटपॅडमध्ये उघडलं तर कचरा दिसेल, या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्येच वाचायच्या. सिस्टिम, ॲप्लिकेशन हे मुख्य लॉग २० एमबीला थांबतात आणि जुन्यावर नवं लिहितात, म्हणून जागेसाठी पुसण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीला स्रोताचं नाव आणि क्रमांक असतो. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं किंवा अचानक रीस्टार्ट झालं. यूपीएस नसलेल्या घरात लाइट गेल्याच्या वेळेशी आधी ताडून पाहा. डिस्क ११ ही नोंद वारंवार येत असेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर बदला. डिस्क ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कचा एखादा भाग खराब झालाय: साफसफाई राहू द्या, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या.