कुत्रा सांदवाडी उकरतो, त्यावर उपाय काय?

मार्च सरत आला की विदर्भातल्या खेड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. घरामागच्या सांदवाडीत भेंडी-चवळीचे उन्हाळी वाफे केले, कडेला सांभार म्हणजे कोथिंबीर टाकली, संध्याकाळी पाणी दिलं. सकाळी बघावं तर वाफ्याच्या मधोमध हातभर खड्डा, रोपं उताणी पडलेली आणि खड्ड्यात कुत्रा पाय ताणून झोपलेला. मग काठी निघते. दोन रट्टे खाऊन तो पळतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाफ्यात तेच करतो.

काठीने हे थांबत नाही, कारण कुत्रा तुम्हाला त्रास द्यायला उकरत नाही. त्याला काहीतरी हवं असतं. गारवा, उंदीर, पुरून ठेवलेली भाकर, बाळंतपणाची जागा, कुंपणाबाहेरची वाट किंवा नुसता विरंगुळा. नेमकं काय हवं आहे हे ओळखलं तर उपाय सोपा आणि बहुतेक वेळा फुकटातला असतो.

आधी खड्डा बघा

खड्डा लगेच बुजवू नका. जवळ बसून नीट बघा.

रुंद, उथळ, कुत्र्याच्या अंगाच्या मापाचा खड्डा असेल आणि तो ओल्या जागी असेल, म्हणजे रांजणाखाली, मोरीचं पाणी जिरतं तिथे, भिंतीच्या सावलीत किंवा नुकत्याच भिजवलेल्या वाफ्यात, तर त्याला उकाडा होतोय. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं सर्वांत मोठं कारण हेच.

खड्डा अरुंद आणि खोल असेल, एकाच ओळीत तीन-चार असतील, जवळपास भुसभुशीत मातीचे ढीग दिसत असतील, तर खाली घूस किंवा उंदीर आहे. कुत्रा तिथे मान वाकडी करून कान टवकारतो, नाक जमिनीला लावून फुरफुरतो आणि एकदम उकरायला लागतो. हे दृश्य एकदा बघितलं की दुसऱ्यांदा शंका राहत नाही.

लहानसा खड्डा आणि वर नाकाने लोटून सारखी केलेली माती दिसली, तर तिथे हाडूक किंवा भाकर पुरलेली आहे. याचा अर्थ त्याला पोटापेक्षा जास्त मिळतंय. खायला दोन वेळा द्या आणि उरलेलं लगेच उचला, एवढंच पुरतं. कुंपणाच्या बुडाशी खड्डा असेल तर त्याला बाहेर जायचंय. कुत्री गाभण असेल आणि आडोशाच्या कोपऱ्यात खोल उकरत असेल, तर ती पिल्लांसाठी जागा करतेय. कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात आणि शेवटच्या आठवड्यात हे उकरणं वाढतं. तिला कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी पोती अंथरून द्या, ती वाफा सोडेल.

अजून एक कारण पटकन लक्षात येत नाही. रोपांच्या आळ्यात हाडांचा चुरा किंवा मासळीचं खत घातलं असेल, तर त्या वासानेच कुत्रा ओढला जातो. घरी कुत्रा असेल तर ही खतं वाफ्यात घालूच नका. चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी ढेप वापरा.

गारव्याची जागा करून द्या

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर, वर्ध्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो येतो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळा भार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पोटावर केस विरळ असतात, म्हणून पोट गार मातीला टेकवलं की त्याला लवकर आराम पडतो. वरची तापलेली माती बाजूला सारून खालची गार, ओली माती काढणं हा त्याच्या परीने केलेला अगदी शहाणा उपाय आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायांना हे बरोबर कळतं. त्या काठी उगारणाऱ्या पोराला म्हणतात, "मारू नोको त्याले, जीवाची लाही होऊन रायली त्याच्या."

म्हणून वाफ्यातून हाकलण्याआधी त्याला स्वतःचा खड्डा द्या.

जागा कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीतली निवडा. दुपारी बारा ते चार तिथे ऊन येता कामा नये, हे एक दिवस प्रत्यक्ष बघून घ्या. झाड नसेल तर चार बांबू रोवून वर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) किंवा तणस टाकून मांडव करा. टिनाच्या पत्र्याखाली कुत्र्याची सोय करू नका. पत्रा तापला की खाली भट्टी होते आणि कुत्रा पुन्हा वाफ्यातच येतो.

सावलीत चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खणा. मोठ्या कुत्र्याला यात नीट वळता येतं, लहान असेल तर माप कमी करा. निघालेली काळी माती परत त्यात भरू नका. ती भिजली की चिकटते, सुकली की दगड होते आणि भेगाळते, आणि त्या भेगांत गोचीड लपून बसतात. खड्ड्यात रेती भरा. निव्वळ रेती नसेल तर तीन घमेली रेतीला एक घमेलं माती मिसळा. कडेने विटा उभ्या रोवल्या की रेती बाहेर पसरत नाही आणि कुत्र्यालाही आपली हद्द कळते.

रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास अर्धी बादली पाणी शिंपडा. रेती ओलसर हवी, चिखल नको. शेजारी पाण्याचं जड भांडं ठेवा. सिमेंटची कुंडी उत्तम, कारण जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) भगुणं तो पायाने उलटवतो आणि मग सांडलेल्या पाण्याच्या जागीच उकरायला लागतो.

नवीन जागा त्याला आपोआप कळेल असं समजू नका. पहिले काही दिवस त्याच्या डोळ्यांदेखत रेतीत भाकरीचा तुकडा किंवा त्याचा चेंडू पुरा आणि शोधायला लावा. शोधला की पाठ थोपटा. पुढे पुढे वरवर पुरण्याऐवजी थोडं खोल पुरा. वाफ्यात उकरताना दिसला तर हाक मारून या खड्ड्याकडे न्या आणि इथे उकरलं की शाबासकी द्या.

वाफ्यांचं रूप बदला

एकीकडे त्याची जागा आकर्षक करायची, दुसरीकडे वाफा बिनकामाचा करायचा. पाणी शक्यतो पहाटे द्या, म्हणजे दुपारपर्यंत वाफ्याचा वरचा थर सुकतो. संध्याकाळी भिजवलेला वाफा म्हणजे रात्रभरासाठी अंथरलेलं गार अंथरूणच.

नुकती खणलेली भुसभुशीत माती कुत्र्याला सर्वांत जास्त बोलावते, म्हणून पेरणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे जपायचे. त्या काळात वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी सपाट अंथरा, कडा मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. रोपं छिद्रांतून वर येतात. पंजाखाली तार लागली की कुत्रा उकरणं सोडून देतो आणि त्याला इजाही होत नाही. कापलेली टोकं तेवढी खाली वळवून ठेवा.

जाळीचा खर्च नको असेल तर तुराट्या आडव्या-उभ्या टाकून वीत-वीत अंतराची चौकट करा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मात्र यासाठी वापरू नका. वाळक्या पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि तुम्ही ती पुढच्या हंगामासाठी घराजवळ सांभाळून ठेवता. बाभळीच्या नि बोरीच्या काट्याही वाफ्यात नकोत. पंजात काटा मोडला की कुत्रा लंगडतो, जखम चिघळते.

बिळांचा बंदोबस्त

घूस असेल तोवर कितीही शिकवा, कुत्रा तिथे जाणारच. तो तुमचंच काम करतोय. त्याला बाजूला बांधा आणि घुशीचं बघा. तुराट्या-इंधनाचा ढीग भिंतीपासून हलवा, धान्याची पोती फळीवर ठेवा, पिंजरा लावा.

बिळात हात घालू नका आणि कुत्र्यालाही घालू देऊ नका. उंदरामागे साप येतो, आणि आपल्या भागात तो नाग किंवा घोणस असू शकतो. कुत्रा बिळापुढे उकरायचा थांबून मागे सरकत भुंकत असेल, तर त्याला ताबडतोब दूर घ्या आणि सर्पमित्राला बोलवा.

उंदराचं औषध हा मार्ग कुत्रा असलेल्या घरात धोक्याचा. त्याने आमिष खाल्लं किंवा विषाने मेलेला उंदीर खाल्ला, तरी त्याचा जीव जाऊ शकतो.

कुंपणाखालून जात असेल तर

कुंपणाच्या बुडाशी नुसते दगड लावून भागत नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी दगड हलतात आणि फट पडते. त्यापेक्षा कुंपणाला तळाशी तारेची जाळी बांधा आणि ती खाली आतल्या बाजूला काटकोनात वळवून फूटभर जमिनीत पसरवा. वर चार बोटं माती ओढा. कुत्रा नेमका कुंपणालगत उकरतो आणि पंजा जाळीवर अडकतो. नर कुत्रा हंगामात सारखा पळत असेल तर नसबंदी करून घेणं हाच टिकाऊ इलाज आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

त्याला काम द्या, आणि वेळेवर रागवा

शेतावर जागलीला जाणारा, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमागे धावणारा कुत्रा घरी येऊन झोपतो. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा सुटला की सांदवाडीच खणतो. ऊन चढायच्या आत अर्धा तास फिरवा, दिवस मावळायच्या सुमारास पुन्हा एकदा. जंगलालगतच्या गावांत अंधार पडल्यावर मोकळा सोडू नका, बिबट कुत्र्यावर टपून असतो.

रागवायचं असेल तर फक्त उकरतानाच. सकाळचा खड्डा दुपारी दाखवून मारलं, तर त्याला मार कशाचा हे कळत नाही. तो मान खाली घालतो, शेपूट आत घेतो, आणि आपण म्हणतो, बघा, याला चूक समजली. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खरोखर काही केलं होतं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की तो दिसत होता. तुम्ही समोर असताना एक ठाम "नाही" म्हणा, टाळी वाजवा, त्याच्या खड्ड्याकडे न्या. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा.

हे करू नका

वाफ्यात तिखट टाकू नका, ते नाका-डोळ्यांत जाऊन आग होते. डांबराच्या गोळ्या, फिनाइल, जळकं ऑइल हे सगळं कुत्र्यालाही विषारी आणि ज्या मातीतली भाजी तुम्ही खाणार तिलाही वाईट. एरंडीची ढेप कुत्रे आवडीने खातात आणि तिच्यातल्या विषाने दगावतात, ती या घरात आणूच नये. खड्ड्यात कुत्र्याचीच विष्ठा पुरण्याचा सल्लाही दिला जातो. भाजीच्या वाफ्यात तो अजिबात मानू नका. विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, आणि हुककृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून माणसातही शिरतात. विष्ठा रोज उचला, जंताचं औषध आणि रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या वेळी द्या.

उकरणाऱ्या कुत्र्याचे पंजे आठवड्यातून एकदा तरी उलटून बघा. बोटांच्या बेचक्यात गोचीड आणि गोखरूचे काटे अडकतात, कधी नख मुळापर्यंत फाटलेलं असतं. भर उन्हाळ्यात तो खड्ड्यात पडूनही जोरजोरात धापा टाकत असेल, घट्ट लाळ गाळत असेल, उठताना झोकांड्या खात असेल, तर त्याला ऊन लागलं आहे. सावलीत घ्या, पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, बर्फ लावू नका, वारा घाला आणि त्याच अवस्थेत दवाखाना गाठा.