टीव्हीवरच्या डान्स शोमध्ये लेकराचा अपमान झाला, तर तक्रार कशी करायची

नाशिकच्या सिडकोत माझा डान्स क्लास आहे, १४ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी एका हिंदी शोमध्ये निवडली गेली. पेठ तालुक्यातल्या कोकणा या आदिवासी जमातीतल्या घरची, वय ११, शिक्षणासाठी नाशिकच्या वसतिगृहात राहणारी. पोरगी जीव ओतून नाचली. पण तिला स्टेजवर बोलावताना निवेदकाने तोंडावर हात आपटत 'हू हू हू' केलं आणि म्हणाला, "सीधे जंगल से!" परीक्षक हसले, प्रेक्षक हसले. तीही हसली, कारण सगळेच हसत होते.

एपिसोड लागला त्या रात्री तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, ते हसले ते नाचाला, का आम्हाला?"

माझा संताप आवरला नाही. मी तेवढाच तुकडा कापला, फेसबुकवर टाकला आणि खाली तावातावाने लिहिलं. सकाळपर्यंत तो नाशिकभर फिरला. सोमवारी वसतिगृहातल्या मोठ्या मुली तिला तोच आवाज काढून चिडवायला लागल्या. त्यातल्या एकीनेही शो पाहिला नव्हता. सगळ्यांनी माझी पोस्ट पाहिली होती.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: क्लिप पुढे पाठवू नका. निषेध म्हणूनही नाही. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग करून स्वतःजवळ ठेवा, आणि ते लगेच करा, कारण ओरड झाली की चॅनेल ॲपवरून तो भाग गुपचूप काढून टाकू शकतं.

मग वही घ्या. चॅनेल, कार्यक्रम, तारीख, वाजले किती, आणि एपिसोडच्या कितव्या मिनिटाला काय झालं ते लिहा. जे शब्द उच्चारले तेच लिहा, त्यांचा अर्थ नको. मी पहिल्या मसुद्यात 'आदिवासी समाजाचा घोर अपमान' असं लिहिलं होतं. ओळखीच्या वकील ताईंनी ते खोडलं. म्हणाल्या, यावर 'आमचा तसा हेतू नव्हता' एवढ्या एका ओळीत ते सुटतील. 'निवेदकाने तोंडावर हात आपटून आवाज काढला, अमुक शब्द उच्चारले, कॅमेरा हसणाऱ्या परीक्षकांवर नेला, आणि हे सगळं संकलनातही ठेवलं' असं लिहा. शेवटचा मुद्दा विसरू नका. असे शो आधी चित्रित होतात. निवेदकाची जीभ घसरली असेल, पण तो भाग ठेवायचा की कापायचा हे कुणीतरी शांतपणे बसून ठरवलेलं असतं.

तक्रार पाठवण्याआधी मूल आणि त्याचे आईवडील यांना विचारा. मी विचारलं नव्हतं. त्यांना नाव नको असेल तर नाव घालू नका. तक्रार करायला तुम्ही त्या मुलीचे कुणी असावं लागत नाही, प्रेक्षक म्हणून करता येते.

आता कुठे पाठवायची ते. जून २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाले, तेव्हापासून तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे चॅनेल. त्याचा पत्ता चॅनेलच्या वेबसाइटवर असतो, पडद्याखाली पळणाऱ्या पट्टीतही येतो. पट्टी भराभर जाते, मोबाइलने फोटो काढून घ्या. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला किंवा पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेल ज्या स्वयंनियमन संस्थेत असेल तिच्याकडे अपील. मनोरंजनाच्या बहुतेक मोठ्या चॅनेलांसाठी ती बीसीसीसी, म्हणजे ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल. २०११ पासून ती आहे आणि निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. तिथे निर्णयाला ६० दिवसांची मुदत. त्यानंतर, पुन्हा १५ दिवसांच्या आत, केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय. ईमेल करा, आणि एक प्रत स्पीड पोस्टनेही टाका. पावती वहीलाच पिनने लावून ठेवा.

पत्रात केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या सहाव्या नियमाचा उल्लेख जरूर करा. मुलांना कमी लेखणारं दाखवू नये, आणि वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांबद्दल हिणवणारी, तुच्छतेची वृत्ती दिसेल असं काही दाखवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. आपल्याला जे लागलं होतं ते कुणीतरी आधीच कायद्यात लिहून ठेवलेलं होतं.

मागणी नेमकी ठेवा: त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला माफी, आणि तो भाग सगळीकडून काढणं. 'शो बंद करा' म्हणाल तर बाकीच्या पोरांच्या मेहनतीवर पाणी पडतं, आणि चॅनेलला ते ऐकून सोडून देणं सोपं जातं.

जातीवरून, जाणूनबुजून, चारचौघांत अपमान झाला असेल तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो गंभीर रस्ता आहे, कुटुंबाची तयारी असेल तरच धरा. नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डान्स दीवाने' मध्ये काय झालं ते आठवत असेल. गुवाहाटीच्या एका लहान मुलीची ओळख करून देताना निवेदक राघव जुयालने मोमो आणि 'चायनीज' असले शब्द वापरले. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला. राघवने व्हिडिओ काढून खुलासा केला की आपल्याला चायनीज बोलता येतं असं त्या मुलीनेच सांगितलं होतं, आणि माफीही मागितली. मग लोक भांडत बसले, मागचा संदर्भ पाहा, नका पाहू. मला त्यात एकच दिसतं. मूल गंमत म्हणून काहीही सांगेल. त्यातलं काय पडद्यावर न्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं असतं. आणि हो, निवेदकाच्या आईबहिणीवरून लिहू नका. आमच्या पोरीसाठी म्हणून कुणी तसं लिहिलेलं वाचलं की मला लाज वाटते.

चॅनेलचं उत्तर आम्हाला १३ व्या दिवशी आलं. ॲपवरून तो भाग काढला, पत्रात दिलगिरी व्यक्त केली. पडद्यावर माफी नाही. मला अपील करायचं होतं. वडील म्हणाले, "पोरीला आता त्यातून बाहेर काढू." मी थांबले.

ज्यांची मुलं ऑडिशनला निघालीत त्यांनी अजून थोडं ऐका. बालकलाकारांच्या नियमांप्रमाणे दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. हे करारात बघून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाची ओळख करून देणारी छोटी फिल्म. त्यासाठी टीमची माणसं घरी येतात आणि 'जरा चुलीसमोर बसा', 'डोक्यावर मोळी घ्या' असं सुचवतात. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरी गॅस आहे. तरी चूल पेटवली होती, आणि मी शेजारी उभी राहून काही बोलले नव्हते. आता मी विचारते, हे कशाला? निवेदक काय बोलणार ते कागदावर मागते. देत नाहीत बऱ्याचदा, पण मागितलं की जपून वागतात.

मूल जे सांगणार ते त्याच्याच शब्दांत आधी लिहून ठेवा. तिने या वर्षी जिल्ह्यातल्या एका स्पर्धेसाठी लिहिलं ते असं: "मी पेठची. माझे बाबा डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजवतात. त्यांनी श्वास कुठे घेतला ते ऐकून मी पाय टाकते."