चवथीला गावी गेलात तरी सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट्स चालू कशा ठेवायच्या

पावसात आपल्याकडे लाईट जाते, वायफाय जातं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आतल्या गावात तर रेंज शोधत अंगणभर फिरायला लागतं, पण सर्व्हर बसलाय मुंबईच्या डेटा सेंटरमधे, त्याला यातलं काहीच लागत नाही. मरते ती तुमची स्क्रिप्ट, कारण ती एसएसएचच्या, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायच्या, सेशनला बांधलेली असते, कनेक्शन तुटलं की तिला हँगअपचा सिग्नल जातो आणि विषय संपला.

एकदाच चालवायचं लांबलचक काम असेल, डेटाबेसचा डंप वगैरे, तर टीमक्स पुरे, तुम्ही बाहेर पडलात तरी सर्व्हरवर सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम. टीमक्स उघडायचं, आत स्क्रिप्ट सुरू करायची, कंट्रोल-बी दाबून सोडायचं आणि मग डी, आलात बाहेर. घरी पोचल्यावर टीमक्स अटॅच केलं की सगळं जिथल्या तिथे. नोहपने, म्हणजे हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या कमांडने, पण भागतं पण त्यात परत आत शिरून बघता येत नाही, म्हणून मला ते आवडत नाही.

कायम चालणारी स्क्रिप्ट मात्र टीमक्समधे ठेवू नका, सर्व्हर रीबूट झाला की टीमक्सही गेलं. त्यासाठी सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणाऱ्याची, सर्व्हिस करा, छोटी फाईल असते, त्यात रीस्टार्टला ऑन-फेल्युअर द्या आणि रीस्टार्टसेक, म्हणजे परत उठायच्या आधी थांबायचे सेकंद, 30 ठेवा. हे 30 विसरू नका हां, नाहीतर डिफॉल्टला ती मेल्या मेल्या लगेच उठते, 10 सेकंदात 5 वेळा उठून पडली की सिस्टिमडी नाद सोडतो आणि तुम्ही इथे निवांत मोदक खात बसता. सर्व्हिस इनेबल करा म्हणजे रीबूटनंतर आपोआप सुरू होईल. सिस्टिमसीटीएल डॅश डॅश युजर वापरून तुमच्या युजरची सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर लॉगिनसीटीएलने लिंगर, म्हणजे लॉगआउटनंतरही चालू राहायची सोय, चालू करा, नाहीतर लॉगआउट केल्यावर ती पण बंद.

लॉग बघायला जर्नलसीटीएल, डॅश यू, सर्व्हिसचं नाव, डॅश एफ. पायथनची स्क्रिप्ट असेल आणि लॉग कोराच दिसत असेल तर घाबरू नका, पायथन आउटपुट साठवून ठेवतो, त्याला पण डॅश यू देऊन चालवा.

क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी, स्क्रिप्ट चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, बरेच सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या वेळेवर, असतात, म्हणजे आपल्या रात्री 2 ला चालवायचं तर तिथे 20:30 लिहायचं. आणि आधीचा रन संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून कमांडच्या पुढे एफलॉक डॅश एन आणि एका लॉक फाईलचं नाव लावा.

आता मुख्य. सारखं लॉगिन करून बघत बसणं हे काही मॉनिटरिंग नव्हे. बरेच जण एरर आली की टेलिग्रामला मेसेज जाईल असं करून ठेवतात, ठीक आहे, पण स्क्रिप्ट सुरूच झाली नाही किंवा सर्व्हरच झोपला तर मेसेज पाठवणार कोण? म्हणून उलटं करायचं. हेल्थचेक्स डॉट आयओसारखी सर्व्हिस घ्या, ती एक लिंक देते, स्क्रिप्ट नीट संपली की शेवटी कर्लने, म्हणजे कमांडवरून लिंक उघडणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या लिंकला टिचकी मारायची, स्क्रिप्ट आणि कर्लच्या मधे दोन अँपरसँड (&&) घालायचे, म्हणजे फेल झाली तर टिचकी जाणारच नाही. ठरलेल्या वेळेत टिचकी आली नाही तर ती सर्व्हिसच तुम्हाला कळवते. कर्लला 10 सेकंदांचा टाईमआउट द्या, नाहीतर तोच लटकून बसायचा.

मोबाईलवरून शिरायचं तर अँड्रॉइडला टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप बरं पडतं. नेट सारखं तुटत असेल तर एसएसएचऐवजी मॉश घाला, टॉवर बदलला, आयपी बदलला तरी सेशन टिकतं, फक्त फायरवॉलमधे 60000 ते 61000 यूडीपी पोर्ट उघडावे लागतात. फोनसाठी एसएसएचची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाईल, वेगळी बनवा, पासफ्रेज घालून, लॅपटॉपचीच कॉपी करू नका. उद्या चोडणच्या फेरीबोटीत फोन पाण्यात गेला किंवा बसमधे राहिला तर सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाईलमधली तेवढी एक ओळ उडवायची, बाकी सगळं चालू राहतं. पासवर्ड लॉगिन बंद करून टाका, पण आधी दुसऱ्या विंडोत कीने आत जाता येतंय ना ते बघून मगच.

आणि निघायच्या आधी डीएफ डॅश एच मारून डिस्क किती भरलीय ते बघा, स्क्रिप्ट स्वतःची लॉग फाईल लिहीत असेल तर जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावा, डिस्क भरली की वरचं सगळं करूनही स्क्रिप्ट्स पडतातच.