अल-उलाची सहल: आधी चंद्र पाहा, मग रिसॉर्ट

सौदीच्या अल-उलामधल्या महागड्या रिसॉर्टचं बुकिंग बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचं असतं. तारीख चुकली की लाखभर रुपये सहज अडकतात. म्हणून क्रम उलटा ठेवा.

१. आधी रमजान बघा. तो दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये साधारण ८ फेब्रुवारी ते ९ मार्च, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस पुढेमागे. नेमका हवा छान असते तेव्हाच! त्या महिन्यात दिवसा बरीच खाण्याची हॉटेलं बंद असतात, स्थळांच्या वेळाही बदलतात.

२. मग हेग्राची, म्हणजे तिथल्या खडकात कोरलेल्या प्राचीन थडग्यांच्या स्थळाची, वेळ पक्की करा. तिथे आधी तिकीट काढून मार्गदर्शकासोबतच जाता येतं. सकाळची पहिली किंवा संध्याकाळची फेरी घ्या, दुपारी वाळवंटात उभं राहवत नाही.

३. त्यानंतरच रिसॉर्ट, शेवटी विमान.

शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी, तेव्हा गर्दी असते. रविवार ते बुधवार बरा.

आणि एक कळकळीने सांगते: बॅगेत खसखस नको. अनारसे, घरचा मसाला, लाडू, सगळं तपासा. तिथे ती अमली पदार्थांत मोजतात.