फोर बाय फाइव्ह कलर निगेटिव्ह: स्कॅननंतर तो केशरी रंग काढायचा कसा

फोर बाय फाइव्ह, म्हणजे ४ बाय ५ इंचाच्या सुट्या शीटवरची निगेटिव्ह साफ आहे, स्कॅनरच्या होल्डरमध्ये सपाट बसलीये, स्कॅनरची काच पुसलीये, एवढं धरून चालतो.

स्कॅन २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) करा, १६ बिट, टिफ. ६४०० च्या नादी लागू नका, घरगुती फ्लॅटबेड तेवढं खरं डिटेल देतच नाही, नुसती फाइल फुगते. २४०० ला ९६०० बाय १२००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ११५ मेगापिक्सेल, साधारण ७०० एमबी, आणि ३०० डीपीआयने ४० इंची प्रिंट. अजून काय पाहिजे? इन्फ्रारेड क्लीनिंग, म्हणजे स्कॅनरने आपोआप धूळ काढणं, कलरला चालतं, ब्लॅक अँड व्हाइटला बंदच ठेवा, त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि चित्राची वाट लागते.

आता महत्त्वाचं. स्कॅनरला 'निगेटिव्ह' सांगायचंच नाही, 'पॉझिटिव्ह' सांगायचं. ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, सगळं बंद, गॅमा २.२. आणि फिल्मच्या कडेची जी कोरी पट्टी असते ना, कॅमेऱ्याच्या फिल्म होल्डरच्या खाचेखाली दबलेली, तिच्यावर उजेड पडलेलाच नसतो, ती स्कॅनमध्ये आलीच पाहिजे. क्रॉप नंतर. पहिल्या वर्षी मी ती प्रत्येक वेळी नीटनेटकी कापून टाकायचो आणि मग अंदाजाने रंग लावत बसायचो.

स्कॅन उघडलं की सगळं केशरी दिसणार. इथेच सगळे सांगतात फोटोशॉपमध्ये कंट्रोल-आय (इन्व्हर्ट, म्हणजे रंग उलटे करणं) दाबा, ऑटो कलर मारा, झालं. काही नाही होत. चित्र निळं-हिरवं येतं, ऑटो त्याला कसंतरी सावरतं, आणि पुढची शीट वेगळीच दिसते. दुसरा सल्ला म्हणजे केशरी रंगाचा लेयर टाकून तो वजा करा. तोही चूक, कारण ते केशरी म्हणजे फिल्मवर सरसकट मारलेला रंग नाही. फिल्ममधल्या मॅजेंटा आणि सायन डाय (रंगद्रव्यं) शुद्ध नसतात, नको तो उजेडही खातात, त्याची भरपाई म्हणून कपलरच, म्हणजे डेव्हलप होताना डाय बनवणारी रसायनंच, रंगीत ठेवलेले असतात, आणि जिथे चित्र उमटतं तिथे तो रंग कमी होत जातो. म्हणून वजाबाकी नाही, भागाकार.

भागाकार म्हटलं म्हणून घाबरू नका, फोटोशॉपचं लेव्हल्स तेच करतं. आयड्रॉपर १०१ बाय १०१ अ‍ॅव्हरेजवर ठेवा, कोऱ्या पट्टीवर रीडिंग घ्या. माझ्या स्कॅनरवर साधारण लाल २२६, हिरवा १४८, निळा ११२ येतात. लेव्हल्सचा लेयर टाकून प्रत्येक चॅनलचा पांढरा स्लायडर त्या त्या आकड्यावर आणा, पट्टी शुभ्र पांढरी झाली पाहिजे. आता त्यावर इन्व्हर्ट लेयर, पट्टी काळी. आता क्रॉप करा खुशाल.

चित्र फिकट दिसेल, हिस्टोग्राम (लेव्हल्समधला उजेड-अंधाराचा आलेख) मध्येच कुठेतरी संपेल, आणि तीन चॅनल तीन वेगळ्या ठिकाणी. ते बरोबर आहे. आणि इथेच मी दोन वर्षं अडकलो होतो.

वाईजवळ मेणवलीच्या घाटाचा फोटो होता, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, कृष्णेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. काळा दगड म्हणजे न्यूट्रल, कुठल्याच रंगाची झाक नाही, असं म्हणून मी मधल्या पायरीवर ग्रे आयड्रॉपर मारला, ती पायरी अगदी राखाडी झाली, खूश. मोठी प्रिंट काढली तर खालच्या अंधाऱ्या पायऱ्या हिरवट आणि वरच्या उन्हातल्या गुलाबी! मी लॅबवाल्याशी भांडून आलो की डेव्हलपिंग बिघडवलंय. त्याची काही चूक नव्हती. तिन्ही चॅनलचा कॉन्ट्रास्ट सारखा नसतो, एका ठिकाणी जुळवलं की दोन्ही टोकं सुटतात.

म्हणून एक नाही, तीन ठिकाणं धरायची: सावलीतलं, मधलं, उन्हातलं, तिन्हीवर कलर सॅम्पलर (तिथले रंगाचे आकडे सतत दाखवणारी खूण) ठोकून ठेवा. दुसरा लेव्हल्स लेयर टाका, चॅनलवार. आधी पांढऱ्या स्लायडरने उन्हातला पॉइंट जुळवा, म्हणजे तिथले लाल, हिरवा, निळा आकडे सारखे करा, मग काळ्याने सावलीतला, आणि सगळ्यात शेवटी मधला स्लायडर. मधला आधी हलवायचा नाही. अजिबात नाही! टोकं पक्की नसताना मध्य जुळवलात तर रात्रभर तिघांच्या मागे पळत राहाल. मधला हलवला की टोकं किंचित सरकतात, तेव्हा अजून एक फेरी मारा, दोन फेऱ्यांत बसतं. पांढरा स्लायडर हिस्टोग्रामला चिकटवू नका, थोडी जागा सोडा, एकदा पांढरे उडालेले ढग परत येत नाहीत.

एक खबरदारी. सावलीतल्या दगडावर फक्त आभाळाचा उजेड असतो, तो खरोखरच निळसर असतो, ओला असेल तर जास्तच. तो पूर्ण राखाडी करायला गेलात तर ऊन पिवळं पडणार. मी सावलीत निळा चार-पाच आकड्यांनी वर सोडतो आणि हिरवा-लाल तेवढे सारखे करतो. हिरवट सावली कधीच खरी नसते, झाडाखालची सोडून.

एकदा जमलं की पट्टीचा लेव्हल्स आणि इन्व्हर्ट हे दोन लेयर सेव्ह करा, त्याच डब्यातल्या, एकत्र डेव्हलप झालेल्या बाकी शीटना तेच चालतात, स्कॅनरचं एक्स्पोजर मात्र लॉक पाहिजे. वरचा, दुसरा लेव्हल्स लेयर प्रत्येक चित्राला नव्याने.

कॉन्ट्रास्ट, डॉजिंग (एखादा भाग उजळणं), बर्निंग (गडद करणं) तुमच्या आवडीने.

डाग काढायचे ते १०० टक्के झूमवर, कोऱ्या लेयरवर हीलिंग ब्रशने, एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीने, गाणी लावून बसा. पांढरे ठिपके म्हणजे स्कॅन करतानाची धूळ. काळे ठिपके म्हणजे फोटो काढताना फिल्मवर बसलेली, ती निगेटिव्ह कितीही पुसली तरी जाणार नाही, पुढच्या वेळी फिल्म होल्डर भरायच्या आधी आतून पुसा. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंटच्या साइझला, कॉपीवर. आणि तीन-चार लेयर झाले की फाइल २ जीबीच्या वर जाऊ शकते, फोटोशॉपची नेहमीची पीएसडी तेवढी घेत नाही, तेव्हा पीएसबी म्हणून सेव्ह करा.